नऊ भेटी आणि एक ऑक्सिमीटर : पुण्यातील एका विवाह व कुटुंब समुपदेशन केंद्राचा अनुभव

केंद्राचे नाव या लेखात देत नाही, कारण लिहिताना आमच्या घरातल्या गोष्टी आल्यावाचून राहणार नाहीत आणि कर्वे रस्त्याच्या दोन्ही अंगांना आमचे नातेवाईक पसरलेले आहेत. मात्र फेब्रुवारी ते जुलै या सहा महिन्यांत आम्ही तेथे नऊ भेटी घेतल्या, एकूण 18,000 रुपये मोजले, आणि त्या बदल्यात काय पदरात पडले व काय पडले नाही याचा जमाखर्च मांडावा असे बरेच दिवस मनात होते. सहकारी बँकेत वीस वर्षे नोकरी केल्यामुळे असेल, पण पैसे देऊन घेतलेल्या सेवेची कोठेतरी नोंद झाली पाहिजे, असे मला वाटते.

दुखणे काय होते ते थोडक्यात सांगते. दोन वर्षांपूर्वी सासूबाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि त्या काठी घेऊन चालू लागल्या. परंतु अंघोळ, औषधे आणि रात्रीचे उठणे यांसाठी कोणीतरी सतत हाताशी लागू लागले. ब्यूरोतून दिवसभराची बाई ठेवावी असे माझे म्हणणे होते आणि ‘आईला परक्या हाताचे चालत नाही’ असे नवऱ्याचे म्हणणे होते. परका नसलेला हात घरात एकच होता आणि तो माझा होता, हे मी मनात शंभर वेळा म्हटले, तोंडाने एकदाही नीट म्हटले नाही. त्याऐवजी टोमणे सुरू झाले, टोमण्यांवर तो गप्प राहू लागला, आणि दिवाळीनंतरचा एक अबोला अकरा दिवस चालला. ‘भांड्याला भांडे लागायचेच’ असे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी ऐकवून झाले होते. अकरा दिवस भांडे भांड्याला लागलेच नाही, हीच तर अडचण होती.

या केंद्रात जाण्यापूर्वी आम्ही आणखी एका ठिकाणी गेलो होतो, आणि त्या अनुभवाशी ताडून पाहिल्यावाचून पुढचे सांगता येणार नाही. ओळखीतून मिळालेले ते गृहस्थ स्वतःला विवाह समुपदेशक म्हणवत. भिंतीवर चौकटी लावलेली बरीच प्रमाणपत्रे होती, पण ती कोणत्या विद्यापीठाची होती हे खुर्चीवरून वाचता येत नव्हते. पहिल्या वीस मिनिटांत त्यांनी निकाल दिला : नवऱ्याने बायकोला महिन्यातून एकदा बाहेर जेवायला न्यावे आणि बायकोने वयस्कर माणसाला समजून घ्यावे. तीन भेटींत सगळे सुरळीत होईल, अशी हमीही दिली. दुसऱ्या भेटीत मला पाच मिनिटे एकटीला बसवून त्यांनी काही प्रश्न विचारले आणि मी जे सांगितले ते नवरा आत आल्यावर जसेच्या तसे त्याच्यासमोर मांडले. त्या दिवशी रिक्षात आम्ही दोघांनी मिळून त्यांना नावे ठेवली, आणि कित्येक महिन्यांनी आमचे एका गोष्टीवर एकमत झाले, एवढा एकच लाभ त्या फीमधून निघाला.

असे का होऊ शकते, हे नंतर कळले. आपल्याकडे ‘समुपदेशक’ ही पाटी लावायला अडकाठी फारशी नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे असेल तर 1992 च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. 2021 च्या सहयोगी आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्याने मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांनाही आपल्या यादीत आणले आहे. पण सामान्य माणसाला आजही दारात उभे राहून स्वतःच चौकशी करावी लागते. शिक्षण कोठे झाले, नोंदणी आहे का, जोडप्यांबरोबर काम करण्याचे वेगळे प्रशिक्षण घेतले आहे का, एवढे तीन प्रश्न फोनवर विचारायला काहीच हरकत नाही. तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. एका माणसाचे मन समजून घेण्यात निष्णात असलेली व्यक्ती समोरासमोर भांडणाऱ्या दोघांना सांभाळू शकेलच असे नाही, कारण तेथे तिला एकाच वेळी दोघांच्या बाजूने असावे लागते. आमच्या आताच्या समुपदेशिकेने हे तिन्ही प्रश्न शांतपणे ऐकून घेतले आणि नोंदणी क्रमांक आपणहून सांगितला.

पहिल्या भेटीआधी आम्हाला चार पानांचा फॉर्म वेगवेगळा भरायला दिला. त्याबरोबर एक संमतिपत्र होते आणि त्यात गोपनीयतेची मर्यादा स्पष्ट लिहिली होती : कोणाच्या जिवाला धोका असेल, लहान मुलावर अत्याचार होत असल्याचे कळले किंवा न्यायालयाने आदेश दिला, तरच माहिती बाहेर जाईल. पहिली भेट दोघांची मिळून झाली आणि नंतर प्रत्येकाची एक स्वतंत्र. त्या स्वतंत्र भेटीच्या आरंभीच त्यांनी सांगितले की येथे सांगितलेली एखादी गोष्ट दोघांच्या कामाला आवश्यक ठरली, तर ती जोडीदाराला तुम्ही स्वतः सांगावी यासाठी मी मदत करीन. तुमच्या वतीने मी सांगणार नाही, आणि ती कायमची पोटात ठेवून दोघांसमोर बसणेही मला जमणार नाही. आधीच्या गृहस्थांनी जे केले त्याला या व्यवसायात नियमभंग म्हणतात, हे मला तेव्हा प्रथम उमगले. त्याच भेटीत त्यांनी सरळ विचारले, ‘घरात तुम्हाला कोणाची भीती वाटते का? कधी हात उगारला गेला आहे का?’ नवऱ्यालाही हेच विचारले होते. हा प्रश्न एकट्याने बसवूनच का विचारायचा, हे सांगायला नको.

तिसऱ्या संयुक्त भेटीत त्यांनी टेबलावर मोठा कागद पसरला आणि आमच्या दोन्ही घराण्यांचा तीन पिढ्यांचा नकाशा काढायला घेतला. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ, तुटलेल्या नात्यासाठी मध्ये छेदलेली रेघ, धुसफुशीसाठी नागमोडी रेघ. ही पद्धत मरे बोवेन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाच्या विचारातून आलेली आहे. दोन माणसांमधला ताण असह्य झाला की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात आणि एक त्रिकोण तयार होतो, हा त्याच्या मांडणीतला मध्यवर्ती मुद्दा. कागद पाहताना वंशावळीसारखा वाटतो, पण वंशावळीत कोण कोणाशी बोलत नव्हते हे लिहिलेले नसते. नवऱ्याच्या चौकोनापाशी आल्यावर समुपदेशिकेने विचारले, ‘तुमचे आईवडील भांडले की एकमेकांना निरोप कसे देत?’ तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘माझ्याकरवी. बाबांना सांग, पान वाढले आहे. आईला सांग, मला भूक नाही.’ तेव्हा तो बारा वर्षांचा होता. त्यानंतर खोलीत कोणीच काही बोलले नाही, कारण आमचा पंधरा वर्षांचा मुलगा गेले वर्षभर हेच काम करत होता हे दोघांनाही एकदम आठवले. ‘बाबांना सांग, सिलिंडरवाल्याला पैसे द्यायचे आहेत,’ हे वाक्य मी त्याच सकाळी बोलले होते. मुलाच्या छोट्या चौकोनाभोवती समुपदेशिकेने पेन्सिलीने एक हलका त्रिकोण काढला, त्यावर भाष्य केले नाही आणि वेळ संपल्याचे सांगितले.

येथे मला या सेवेचा खरा दर्जा दिसला. आपल्या समाजात नवरा-बायकोच्या भांडणावर बैठक बसवण्याची जुनी रीत आहे. मामा, काका, मध्यस्थ जमतात, दोन्ही बाजू ऐकतात आणि कोणाचे चुकले ते ठरवतात. आम्हीही नकळत तीच अपेक्षा घेऊन गेलो होतो. मी तर तारीखवार टिपणेही करून नेली होती. नऊ भेटींत समुपदेशिकेने एकदाही निवाडा दिला नाही. ‘कोणाचे चुकले’ हा प्रश्न त्या दर वेळी अलगद बाजूला ठेवत आणि ‘हे भांडण चालते कसे’ याकडे आम्हाला वळवत : आधी काय होते, मग कोण काय करते, त्यावर दुसरा काय करतो. सुरुवातीला मला याचा रागच आला, कारण माझी बाजू बळकट आहे अशी माझी खात्री होती. टिपणांची ती वही चौथ्या भेटीपासून मी घरीच ठेवू लागले.

आता ऑक्सिमीटरविषयी. वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी अनेक वर्षे जोडप्यांना बोलायला बसवून त्यांच्या हृदयाचे ठोके, घाम आणि चेहऱ्यावरचे भाव यांच्या नोंदी घेतल्या. संसाराला पोखरणाऱ्या चार सवयी त्यांनी नोंदवल्या : स्वभावावरच बोट ठेवणारा दोषारोप, तुच्छता, लगोलग स्वतःचा बचाव आणि पूर्ण अबोला. त्यांतली तुच्छता सर्वांत घातक, असे त्यांचे मत. भांडणात माणसाच्या नाडीचे ठोके मिनिटाला 100 च्या वर गेले की ऐकण्याची आणि विचार करण्याची शक्तीच मंदावते, म्हणून तेव्हा निदान वीस मिनिटे थांबावे, असाही त्यांचा सल्ला आहे. आमच्या समुपदेशिकेच्या खणात यासाठी दोन ऑक्सिमीटर होते, कोविडच्या काळात प्रत्येक घरात आला होता तसलेच. पाचव्या भेटीत आम्ही दोघांनी ते बोटाला लावले आणि ब्यूरोच्या बाईचा विषय काढला. मी बोलत होते, आवाज चढलेला होता, हातवारे चालू होते. माझा आकडा 94. नवरा खुर्चीत मागे रेलून, हाताची घडी घालून, खिडकीबाहेर पाहत होता. लग्नाची बावीस वर्षे मी ज्याला ‘दगड’ म्हणत आले, तोच हा चेहरा. त्याच्या बोटावरचा आकडा 117 होता.

मी बोलायची थांबले. त्यालाही तो आकडा पाहून आश्चर्य वाटलेले दिसले. समुपदेशिकेने फक्त एवढे विचारले, ‘हे ठोके कसले आहेत?’ आणि तो म्हणाला, ‘मी आता जे काही बोलेन ते चुकीचेच ठरणार आहे, याचे.’ माझ्या टोमण्यांची आणि त्याच्या अबोल्याची साखळी कशी आहे हे मला हजार शब्दांनी पटले नसते. मी जितकी बोलते तितका तो आत जातो आणि तो जितका आत जातो तितकी मी मोठ्याने बोलते. सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी 1980 च्या दशकात विकसित केलेल्या भावनाकेंद्री उपचारपद्धतीत याच साखळीला दोघांचा सामाईक शत्रू मानतात, असे समुपदेशिकेने नंतर सांगितले. त्या एकाच पद्धतीला चिकटून राहत नव्हत्या, आणि एखादे तंत्र कोठून घेतले आहे हे विचारल्यास सांगत, हे मला आवडले.

प्रशंसेला मर्यादाही घालायला हवी. घरी करायचा अभ्यास आम्हाला छापील कागदावर मिळाला आणि त्यातली भाषा उघडउघड इंग्रजीची सावली होती. रोज जेवणानंतर पंधरा मिनिटे बसायचे, एकाने बोलायचे, दुसऱ्याने ‘मला असे ऐकू आले की तुम्हाला एकटेपणा जाणवतो’ असे परत म्हणून दाखवायचे. सदाशिव पेठेत वाढलेल्या कोणत्याही माणसाच्या तोंडून हे वाक्य गंभीरपणे निघू शकत नाही. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघेही हसत सुटलो, आणि आतल्या खोलीतून मुलाचे हसणेही ऐकू आले. पुढच्या भेटीत मी तक्रार केली तेव्हा समुपदेशिकेने ती मान्य केली आणि ‘म्हणजे तुला असे म्हणायचे आहे का, की…’ एवढी साधी सुरुवात सुचवली. ती जमली. मग त्यांनीच आमच्या भाषेतली एक गोष्ट दाखवून दिली, जी कोणत्याही छापील कागदावर नव्हती : मी एरवी नवऱ्याला ‘तू’ म्हणते, चिडले की ‘तुम्ही’वर जाते, आणि त्या वेळी ‘आई’ची ‘तुमची आई’ होते. मला याची सुतराम कल्पना नव्हती. त्याला मात्र होती. ‘तुम्ही’ ऐकू आले की आता बोलण्यात अर्थ नाही असे त्याने केव्हाच ठरवून टाकलेले होते.

सातवी भेट सासूबाईंसह झाली. त्या यायला तयार होतील असे वाटले नव्हते. ‘मला वेड लागले आहे का?’ असे त्यांनी विचारलेही. घरच्यांना उपचारात सामील करून घेण्याची कल्पना आपल्या देशाला नवी नाही. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबूंमध्ये राहायला बोलावले होते. तरी ‘समुपदेशन’ हा शब्द आजही चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला कचेरीत बोलावणे आल्यासारखा वाटतो. खोलीत शिरताच सासूबाई सवयीने आम्हा दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसल्या. समुपदेशिकेने नवऱ्याला विनंती केली की त्यांनी उठून माझ्या शेजारी बसावे आणि आईंची खुर्ची समोर, उशी असलेली घ्यावी. साल्वादोर मिनुचिन यांच्या रचनात्मक कुटुंबोपचारात बसण्याच्या जागा अशा मुद्दाम बदलतात, कारण घरातल्या सीमारेषा कोठे पुसट झाल्या आहेत ते खुर्च्यांवरून दिसते. मला मात्र त्या क्षणी भीती वाटली की सासूबाईंचा अपमान होईल. तसे झाले नाही. समोरून दोघांकडे नीट पाहत त्या म्हणाल्या, ‘बाई ठेवायला मी कधी नाही म्हटले? मला कोणी विचारलेच नाही.’ नवरा दोन वर्षे आईच्या वतीने जे बोलत होता ते त्याच्या मनातले होते. त्या भेटीनंतर पंधरा दिवसांत बाई आली. ती सासूबाईंना दुपारी वर्तमानपत्रही वाचून दाखवते.

आता उणिवा. संध्याकाळी सहानंतरची वेळ मिळायला तीन-तीन आठवडे लागतात, आणि चाकणहून येणाऱ्या माणसाला दुपारची वेळ निरुपयोगी आहे. स्वागतकक्षात नाव मोठ्याने पुकारतात. गोपनीयतेचे चार परिच्छेद लिहून घेणाऱ्या केंद्राला हे शोभत नाही, कारण समोरच्या बाकावर माझ्या बँकेच्या एक खातेदार बसलेल्या होत्या आणि आम्ही दोघींनी भिंतीवरच्या कॅलेंडरचा सखोल अभ्यास केला. भेट चोवीस तास आधी रद्द न केल्यास पूर्ण फी घेतात. एकदा सासूबाईंचा रक्तदाब अचानक वाढल्यामुळे आम्ही जाऊ शकलो नाही, तरी 1,800 रुपये द्यावे लागले. नियम सर्वांना सारखा, असे उत्तर मिळाले. नियम असावा, पण आजारपणाची एक सवलत त्यात बसायला हरकत नव्हती. उत्पन्नानुसार फी कमी-जास्त करण्याची सोयही तेथे नाही. 75 मिनिटांच्या भेटीला 1,800 रुपये आमच्यासारख्या दोन पगारांच्या घराला जड गेले, तर एका पगारावर चालणाऱ्या घराने काय करावे?

त्या घरांसाठी दुसरे मार्ग आहेत, पण त्यांचे काम निराळे असते, हे माझ्या मावसबहिणीच्या प्रकरणात जवळून पाहिले. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने न्यायालयातच विवाह समुपदेशकांची तरतूद केली आहे आणि तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य मानले आहे. तेथे वेगळी फी पडत नाही. मात्र तेथे माणूस अर्ज दाखल झाल्यावर पोहोचतो, हातात फाइल असते, बाहेर वकील थांबलेला असतो. मावसबहिणीने हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 ब खाली परस्परसंमतीने अर्ज केला होता. त्यातला सहा महिन्यांचा थांबण्याचा काळ 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर न्यायालय योग्य प्रकरणी माफ करू शकते. तिला समुपदेशनाचा उपयोग झाला तो संसार जोडण्यासाठी नव्हे, तर मुलीच्या सुट्ट्या दोघांत कशा वाटायच्या हे न भांडता ठरवण्यासाठी, आणि तोही लहान उपयोग म्हणता येणार नाही.

जेथे मारहाण आहे, धाक आहे, तेथे मात्र अशा जोडप्याच्या भेटी घेऊच नयेत असे आमच्या समुपदेशिकेचेही स्पष्ट मत होते, कारण खोलीत खरे बोलल्याची किंमत बाईला घरी गेल्यावर मोजावी लागते. त्यासाठी पोलिसांच्या व्यवस्थेत काम करणारे महिला व बालकांसाठीचे विशेष कक्ष आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबईत सुरू केलेला हा प्रयोग पुढे राज्यभर पसरला. रात्री-अपरात्री नुसते कोणाशी बोलायचे असेल तर टेलिमानसचा 14416 हा शासकीय क्रमांक मोफत आहे.

नऊ भेटींनंतर आमचे सगळे प्रश्न सुटले असे लिहिले तर ते त्या पहिल्या गृहस्थांच्या हमीसारखे होईल. नाशिकचे धाकटे दीर आईच्या औषधपाण्याचा खर्च अजूनही देत नाहीत, आणि नवरा त्यांना अजूनही विचारत नाही. जोडप्यांचे सुमारे 69 टक्के वाद कायमचेच असतात, असा गॉटमन यांचा निष्कर्ष समुपदेशिकेने सांगितला तेव्हा मला आधी निराशा वाटली आणि मग जरा हायसेही वाटले. ऑगस्टमध्ये एक अबोला झाला, तो दीड दिवस टिकला. त्यात मी सवयीने मुलाला म्हटले, ‘बाबांना सांग…’, तर तो पुस्तकातून डोके वर न काढता म्हणाला, ‘बाबा हॉलमध्येच आहेत.’

तीन महिन्यांनी एक आढावा भेट घ्यायची असते. या वेळी ती नवऱ्यानेच ठरवली आहे, शनिवारी सकाळी दहाची. तेथे गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून नऊलाच निघावे असे त्याचे म्हणणे आहे आणि साडेनऊ पुष्कळ झाले असे माझे, त्यावरून काल रात्री थोडी कुरबूर झालीच.